उतारावरचं न्यूट्रल
जळक्या ऑइलचा वास आला की माझा उजवा पाय आजही ब्रेक दाबल्यासारखा ताठ होतो. जुनी ऑटोमॅटिक गाडी घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सांगोल्याहून सोलापूरला येत होतो, शेजारी सातव्या महिन्यातली बायको. रेल्वेच्या पुलावर निम्म्या चढाला इंजिन नुसतं ओरडायला लागलं, जळक्या ऑइलचा वास सुटला आणि गाडी मागं सरकली. आरशात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मोठा मोठा होत चालला. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. बायकोनं दोन्ही हात पोटावर धरले होते. ट्रॅक्टर हातभर अंतरावर थांबला. ट्रॅक्टरवाला ओरडतच धावला, "पाय काढू नगा सायेब!" आणि त्यानं ट्रॉलीचा लाकडी ठोकळा आमच्या चाकामागं सारला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं गिअरबॉक्सचं काळं ऑइल बोटावर घेऊन हुंगलं. "जळालंय की सगळं. गाडीच्या निम्म्या किमतीचं काम हाय. उताराला न्यूट्रल करत होता व्हय? ऑटोमॅटिकला ते सोसत न्हाय." पेट्रोल वाचवायची ती माझी स्कूटरपासूनची सवय. मी म्हणालो, "मी नाही, आधीचा मालक करत असेल." बायको तिथंच स्टुलावर बसली होती. आता मुलगी शाळेत जाते, गाडी तीच आहे. फक्त उतार लागला की बायको बोलता बोलता गिअरवर हात ठेवते, आणि सपाट रस्ता येईपर्यंत काढत नाही.