आगाशेबाईंची स्वयंपाकघरातली स्पॅनिश

मला वाचवलं ते आगाशेबाईंनी. हे आधीच लिहिते, कारण पुढचं लिहिताना माझं डोकं तापतं. मग राग तेवढा कागदावर उतरतो आणि उपकार राहून जातात.

बाई मूळच्या पुण्यातल्या मंडईजवळच्या. एका संस्थेत स्पॅनिश शिकवून निवृत्त झाल्या आणि खराडीच्या सोसायटीत राहायला आल्या. त्याबद्दल त्यांनी अजून कोणालाही माफ केलेलं नाही. "इथे भाजी प्लॅस्टिकात येते," त्या म्हणत, "म्हणजे ती गेलेली आहे हे मान्यच असतं." मी वाघोलीहून त्यांच्याकडे पोळ्यांना जायची आणि मग त्याच सोसायटीत एका साहेबांची मुलं सांभाळायची. माहेर वाशीमकडचं, शाळा नववीतच सुटलेली.

साहेबांची बदली स्पेनला, वलेन्सिया शहरात झाली. मलाही नेणार होते. "भाषेची काही गरज नाही," मॅडम म्हणाल्या, "तू घरातच असणार." मी हे आनंदानं बाईंना सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. राग आला की त्या चष्मा काढत.

"घरातच असणार म्हणजे? माणूस नेतायत की कुकर?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या स्वयंपाकघरात मराठी बंद. ओट्यापलीकडे बाई भाजीवाली होऊन उभ्या राहत. स्पॅनिशमध्ये मागितल्याशिवाय कांदा मिळत नसे, आणि बिनकांद्याचे पोहे बाई "आपल्या कृपेनं" म्हणत खात.

"मला नाही जमणार जी. माझी नववीसुद्धा झाली नाही."

"स्पेनची भाजीवाली मार्कशीट मागणार आहे का?"

एक वाक्य त्या माझ्याकडून रोज म्हणवून घेत. तिथल्या बाजारात लोक एकामागे एक उभे राहत नाहीत, विखुरलेले असतात. आल्या आल्या मोठ्यानं विचारायचं, "शेवटचं कोण?" जो हात वर करेल त्याच्यानंतर आपला नंबर. मला ऐकूनच लाज वाटायची. चांगल्या घरच्या बाया उभ्या असताना आपण ओरडायचं?

म्हणून वलेन्सियाच्या बाजारात पहिल्यांदा गेले तेव्हा कडेला गप्प उभी राहिले. आमची सवयच तशी. मोठ्यांचं होऊ द्यायचं, मग कोणीतरी "तुला काय गं?" विचारतं. इथे कोणी विचारलं नाही. मागाहून आलेल्या बाया टोमॅटो घेऊन गेल्या आणि मी रिकामी पिशवी घेऊन रडत परतले. "हे लोक आपल्याला असंच वागवतात," मॅडम म्हणाल्या, "तू नकोच जाऊ बाहेर." मलाही ते पटलं. रागारागानं बाईंना फोन लावला.

"विचारलंस?"

"नाही."

"मग त्यांनी काय तुझी पत्रिका पाहायची? जा परत."

गेले. आवाज फाटला, पण विचारलं. एका म्हातारीनं हात वर केला, जवळ बोलावलं, टोमॅटो कुठले घ्यायचे तेही दाखवलं. त्या कार्मेनबाई, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या. पुढे आमचं येता-जाता बोलणं सुरू झालं.

खरा संताप पुढचाच आहे. पोचल्या दिवशी साहेबांनी माझा पासपोर्ट "सांभाळून ठेवतो" म्हणून कपाटात टाकला होता. रविवारची सुट्टी कबूल केली होती, ती कधी मिळालीच नाही. मग गावाकडून आईच्या आजारपणाचा फोन आला. मी पासपोर्ट मागितला, तर साहेब हसले. "मुलांचं कोण बघणार? आणि तू जाणार कुठे? इथे तुला ओळखतं कोण?"

ज्यांच्या मुलीचा ताप मी मांडीवर घेऊन उतरवला, ते मला विचारतात, ओळखतं कोण!

रात्री बाईंना फोन लावून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पासपोर्ट तुझा आहे. विनवण्या करायच्या नाहीत. सांगायचं."

"भीती वाटते जी."

"वाटू दे. घाबरत बोललेली स्पॅनिशही स्पॅनिशच असते."

सकाळी कार्मेनबाईंना वर घेऊन आले आणि साहेबांसमोर, दारातच, चुकतमाकत त्यांना सगळं सांगितलं. आई आजारी आहे, पासपोर्ट यांच्या कपाटात आहे, हे देत नाहीत. साहेबांना त्यातलं अक्षर कळलं नाही. पण कार्मेनबाईंनी पोलिसांचं नाव काढलं, तो शब्द मात्र लगेच कळला. पासपोर्ट बाहेर आला.

गावी जाऊन आईजवळ राहिले, ती बरी झाली. साहेबांचं काम सोडलं; आता मी वलेन्सियातच, कार्मेनबाईंच्या ओळखीनं, एका खानावळीत काम करते, माझ्या नावाच्या कागदपत्रांवर. मागच्या सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा बाईंना विचारलं, "तुम्ही स्पेनमध्ये कुठल्या भागात राहायचात?"

"मी? मी कधी गेलेच नाही."

त्यांच्या संस्थेतून वरचेवर कोणाला ना कोणाला स्पेनला पाठवत. बाईंची पाळी आली की म्हणत, "आगाशेबाईंना घरसंसार आहे, त्या कुठे जाणार?" त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं जाऊन आली. मला राग आवरेना.

"तुम्ही भांडला नाहीत?"

"भांडले की. पण पुण्यात भांडणाकडे कोण लक्ष देतं?" मग गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "जाऊ दे. हे गुडघे आता जिना उतरत नाहीत, समुद्र कसले ओलांडतायत."

ते मी बघेन, बाई. खुर्चीवर बसवून न्यावं लागलं तरी नेईन. तुम्ही नको म्हणाल, तुमची मुलं नको म्हणतील, मी कोणाचं ऐकणार नाही. एक दिवस मी तुम्हाला स्पेनला नेणार म्हणजे नेणार.