बाबांच्या स्पीकरमधले घुंगरू

स्पीकरमधले घुंगरू गेले, ही बाबांची एकच तक्रार होती. रिटायर झाल्यावर त्यांनी जुन्या लावण्या काढल्या आणि तरुणपणी हौसेनं घेतलेल्या दोन मोठ्या लाकडी स्पीकरांवर त्या लावायला लागले. ढोलकी यायची, बाईचा आवाज यायचा, पण पायातले चाळ म्हणे कुणी काढून नेले. "घुंगराबिगर लावणी म्हंजी मिठाबिगर पिठलं," ते म्हणायचे. आई म्हणायची, "या वयात कशाला हवेत घुंगरू?"

मी चाकणला एका कंपनीत सर्किट बोर्ड तपासते. सोल्डरिंगचा हात बसलेला, त्यात स्वभाव हट्टी. मोशीच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये दर सुट्टीला मी ते स्पीकर उघडून बसायची. आतल्या कागदी कोनच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होत होता. तो कासारवाडीत स्टेशनजवळच्या दुकानातून बदलून आणला. आतले वाळलेले कपॅसिटर काढून नवे घातले. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. "ढोलकी झकास. घुंगरू न्हाईत अजून."

मग मी इरेला पेटले. बारीक, वरचे आवाज काढणारा छोटा स्पीकर म्हणजे ट्वीटर. तो बदलला, मग त्याहून भारी आणला. शेजारीण दार वाजवून गेली. आई कानावर हात ठेवून स्वयंपाकघरात पळाली. बाबा म्हणाले, "न्हाई गं माय." मला त्यांचा भयंकर राग आला.

बाबा जन्मभर कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये होते. पत्रा दाबून कापणारी डाय बोथट झाली की ठोक्याचा आवाज किंचित बदलतो, तो त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचा. म्हणून कंपनीनं कानात घालायला दिलेले बोळे ते खिशात ठेवायचे. कान बंद करून मशीन कशी कळणार, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या लाइनवरून बोलावणं यायचं, "भाऊ, जरा ऐकून जा." हे ते घरी ऐटीत सांगायचे आणि आम्हीही ऐटीत ऐकायचो. हल्ली दाराची बेल त्यांना कळत नसे. त्यांचं लक्ष नसतं, असं आम्ही म्हणायचो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

गेल्या रविवारी मी पुन्हा सगळं जोडलं, समोर जाळीचं कापड ताणून बसवलं आणि लावणी लावली. बाबांचा चेहरा फुलला. "वा! आले बघ घुंगरू. पुरं आता, लई राबलीस."

मला मात्र ते ऐकू येईनात. मागं वळून पाहिलं, तर दोन्ही ट्वीटर पलंगावर वर्तमानपत्रात तसेच पडले होते. गप्पांच्या नादात मी ते बसवलेच नव्हते.

कानातून गेलेले बारीक आवाज परत येत नाहीत, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ते गेलेत, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

बाबांनी डोळे उघडून माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "माझं जाऊ दे. तुला येतात ना ऐकू?"

"येतात," मी म्हटलं.

"कसे वाजायलेत, सांग की."