फोन वाजला की नेट जायचं

सुनेची नोकरीची मुलाखत कॉम्प्युटरवर चालू होती. घाटंजीहून तिच्या आईनं आशीर्वाद द्यायला घरच्या फोनवर फोन लावला. घंटी वाजली आणि नेट गेलं. कोणी उचलेना म्हणून ती लावतच राहिली.

टेलिफोनचा लाइनमन आला तेव्हा मुलाखत संपली होती. त्यानं रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटले. मग आपल्या मोबाईलवरून आमचाच फोन वाजवला. नेटच्या डब्ब्यावरची बत्ती विझली.

"फोन अन् नेट येगळं करणारी डब्बी जळली, मावशी."

"मंग नवी लाव ना!"

"मांगून राह्यलो, वरून देत नाहीत. तोवर फोन काढून ठेवा."

"तुह्या घरी तू काय करतं?"

"माह्या घरी नेटच नाही. दिवसभर शिव्या खातो, तेवढ्या पुरे."

तो हसला नाही. अर्धा चहा ठेवून पुढच्या घरी गेला.

नोकरी मिळाली नाही. सुनेनं आईला कारण अजून सांगितलं नाही. मला ते माहीत आहे, फोन वाजत होता तेव्हा मी तिथंच बसली होती.