गुलाबी फेटा, भाग तिसरा

मराठी चित्रपटाच्या इतिहासात मी आहे. अडीच सेकंद आहे, पाठमोरा आहे, आणि — पण इथंच थांबायला हवं. यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगतो, कारण तुमच्यासमोर बसून मला रोज सकाळचा चहा प्यायचा नसतो.

सुरुवात सिनेमापासून करतो. म्हणजे मूळ मुद्दा जरा लांब राहील.

मी कॉलेजात असताना एक चित्रपटमालिका निघाली होती. चार भाग. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही ते शोधून बघाल, आणि माझ्या आवडीबद्दल तुमचं मत होईल. नायक तोंडाला काळा रुमाल बांधून अन्यायाशी लढायचा. रुमाल बांधला की त्याला सख्खी आईसुद्धा ओळखत नसे. चारही भागांत नायक तोच, रुमाल तोच. घोडा मात्र दर वेळी वेगळ्या रंगाचा. आता मी बऱ्यापैकी वाचलेला माणूस आहे. पंचवीसेक वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. सत्कार, शाल, श्रीफळ, 'दोन शब्द बोलतो' म्हणून पाऊण तास बोलणारे अध्यक्ष — या सगळ्यांची मी जन्मभर टिंगल केली. त्या रुमालाची मात्र कधी केली नाही. का? विचारू नका, मलाही ठाऊक नाही.

मुक्ता, माझी मुलगी, चौदा वर्षांची झाली त्या वर्षी आमच्या घरात व्हीसीडी प्लेअर आला. महाद्वार रोडवरच्या एका दुकानात मला चारही भाग सापडले आणि मी जाहीर केलं: दर रविवारी दुपारी एक भाग, बाप-लेकीनं मिळून. मुलांसाठी मागं काहीतरी ठेवायचं असतं म्हणतात. जमीन माझ्याकडं नव्हती. हे होतं.

पहिला भाग मुक्तानं नखं कापत पाहिला. हाताची झाल्यावर पायाची. मध्यंतराच्या सुमारास तिनं मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "बाबा, ह्याच्या आईला दिसत नाही का? अख्खी मिशी बाहेर आलीय." दुसऱ्या भागाच्या वेळी तिनं भूगोलाची वही आणली. नायक कड्यावरून उडी मारत होता, आणि माझी मुलगी काळ्या मातीतली पिकं लिहीत होती. तिला सिनेमा आवडला नाही याचं मला फार वाटलं नाही — खोटं कशाला बोलू, फार वाटलं. ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघायची ना, ती नजर मला ओळखीची होती. अध्यक्षांचं भाषण लांबलं की मी तसाच बघायचो.

आणि मग तिसरा रविवार. तिसरा भाग.

या भागात पन्हाळ्यावर लढाई आहे. तिचं शूटिंग झालं तेव्हा सिनेमावाल्यांना शंभरेक मावळे हवे होते, आणि मी आणि माझा मित्र दिनकर, दोघेही उचगावहून सायकली मारत वर गेलो होतो. एवढं खरं आहे. एका असिस्टंटनं गर्दीतून मला बाहेर काढून माझ्या डोक्यावर गुलाबी फेटा बांधला, हेही खरं आहे. गुलाबी फेटेवाल्यानं तलवार उगारून धावायचं, नायकाचा वार बसला की गिरकी घेऊन पडायचं. पडद्यावर तो फेटा आला. मुक्ता बंगालच्या उपसागरात शिरली होती. मी रिमोटचं बटण दाबून चित्र थांबवलं — आणि बोललो.

"हा कोण आहे, ओळख."

तिनं वही मिटली. "तुम्ही?"

मी हो म्हणालो नाही. हे मी बरीच वर्षं स्वतःला ऐकवत आलो आहे, की मी हो म्हणालोच नाही. मी फक्त घसा साफ केला आणि जरासा हसलो. अशा वेळी याहून मोठ्यानं हो कसं म्हणतात?

मुक्तानं ते दृश्य त्या दुपारी अकरा वेळा पाहिलं. पुढच्या रविवारी मैत्रिणी आणल्या. मला हॉलमध्ये सतरंजी टाकून पडून दाखवावं लागलं. डावा गुडघा अजून बोलतो. चौथा भागही तिनं आपणहून लावला, मी त्यात कुठं दिसतो का बघायला. माझी मुलगी माझ्या शेजारी बसून माझा सिनेमा बघत होती! त्या आनंदात मला जी लाज वाटायला हवी होती, ती दोन वर्षं उशिरा आली.

मध्ये शाळेच्या गॅदरिंगला मला 'आपल्यातले कलावंत' म्हणून बोलावलं. मी गेलो. शाल घेतली, श्रीफळ घेतलं, दोन शब्द बोललो. वीस मिनिटं.

आणि मग एका दुपारी दिनकर आला.

दिनकर उचगावचाच. एका कारखान्यात टर्नर होता, आणि लेथच्या आवाजावर बोलून बोलून त्याचा आवाज असा झालेला, की तो जिन्यात असतानाच आम्ही चहाचं आधण ठेवायचो. गावची जत्रा होती, तिचं निमंत्रण घेऊन आलेला. बसतोय तोवर मुक्तानं प्लेअर लावला. "काका, बाबांचा सिनेमा बघितला नाही ना तुम्ही?"

नव्हता बघितला. तिसरा भाग आठवडाभरच चालला, आणि तेव्हा दिनकर गारगोटीला कामावर होता. मला हे माहीत होतं. तरी मी उठून वीज गेल्याचं सोंग केलं नाही, प्लेअर बिघडलाय म्हटलं नाही. मी स्वयंपाकघरात गेलो — साखर बघायला. साखर जागेवर होती. मी ती बराच वेळ बघत राहिलो.

बाहेरून मुक्ताचा आवाज आला, "हे बघा, हा गुलाबी फेटा. हे बाबा!" आणि मग काहीच नाही. दिनकर ज्या खोलीत आहे तिथंही शांतता असू शकते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"परत लाव की गं पोरी," तो म्हणाला. तिनं लावलं. "अजून एकदा." तिनं लावलं.

मी चहा घेऊन बाहेर आलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. टीव्हीकडं बघतच तो म्हणाला, "व्हय की. तुझं बाबाच हाईत. काय झ्याक पडल्यात!"

त्यानं चहा प्यायला, जत्रेचं बजावलं, गेला. मी जिन्यापर्यंत पोचवायला गेलो. तिथं बोलता आलं असतं — दहा पायऱ्या होत्या. मी त्याला चपला सरकवून दिल्या.

जत्रेला आम्ही तिघं गेलो. दिनकर स्वतः वाढत होता. माझ्यापाशी आला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, "आरं, सिनेमातलं पावणं हाईत! ह्यास्नी नुसता रस्सा नको, पीस घाला पीस!" माणसं वळून बघू लागली. मुक्ता ताठ बसली, अभिमानानं. दिनकरनं माझ्या ताटात पीस घातले, आणखी घातले, नको म्हणून आडवा धरलेला माझा हात बाजूला करून घातले. त्याच्या तोंडावर हसू होतं. कसलं होतं ते मला सांगता यायचं नाही. मी सगळं ताट संपवलं.

मुक्ता आता पुण्याला असते, नोकरी करते. नव्या ओळखीच्या माणसांना अजून ते दृश्य दाखवते. दिनकर भेटतो, मोठ्यानं बोलतो, त्यावर बोलत नाही.

गुलाबी फेटा माझ्या डोक्यावर होता, तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं की जेवण सुटलंय आणि मटण संपत आलंय. मी फेटा काढून दिनकरच्या डोक्यावर ठेवला. म्हटलं, तू पड, मी दोघांची ताटं धरतो. दिग्दर्शकाचं समाधान होईना, म्हणून दिनकर सात वेळा पडला. तोवर मी दोन्ही ताटं संपवली होती. त्याला नुसता रस्सा मिळाला.