वन्संना गुदगुल्या होत नाहीत

पार्लरात तिला सगळे गुदगुली म्हणायचे, आणि हे नाव तिने स्वतःच्या बोटांनी कमावलं होतं. गिऱ्हाईक कुणीही असो, ती आधी पाय बुडवायचा टब घासूनपुसून जंतुनाशकाने धुवायची, टाचा घासायची पाकिटातली कोरी कानस काढायची आणि ती लावण्याआधी तळव्यावरून हळूच नख फिरवायची. बायका किंचाळायच्या, पाय झाडायच्या. एकीने तर अख्खा टब हिच्या अंगावर पालथा केला! "चावटपणा नाही हो," केस पिळत ती म्हणाली, "ज्या पायाला गुदगुली कळत नाही, त्याला जखमही कळायची नाही. असला पाय मी घासत नाही, सरळ डॉक्टरकडे धाडते." मालकीण कपाळाला हात लावायची, पण गिऱ्हाईकं टिकून होती, मग बोलणार कोण?

आणि एके दिवशी तिची थोरली नणंदच येऊन खुर्चीत बसली. वन्सं म्हणजे काय प्रकरण होतं म्हणता! कापडाच्या दुकानात दिवसभर उभ्या, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. घरातल्या प्रत्येक फोटोत सगळे दात काढून हसतायत आणि वन्सं मात्र फोटोवाला काहीतरी चोरून नेतोय अशा नजरेने बघतायत. लग्न होऊन आल्यापासून गुदगुलीने त्यांना हसताना पाहिलेलं नव्हतं.

वन्संनी लाल उघड्या चपला घेतल्या होत्या आणि त्यात टाचेचा घट्टा दिसत होता. "हा काढ. कानस-बिनस नको, ब्लेडने सपाट कर."

"ब्लेड मी ठेवतच नाही, वन्सं. टाच म्हणजे काय बटाटा आहे सोलायला?"

"तोंड नको चालवू, हात चालव."

गुदगुलीने पाय धुतले, नख फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. वन्सं घड्याळाकडे बघत होत्या.

आता आली का पंचाईत! दुसरं कुणी असतं तर तिने तिथल्या तिथे हात जोडले असते. पण या बाईला गुदगुल्या झाल्या असत्या तरी ती हसली असती का? पाय बधिर होता की स्वभाव आडवा येत होता, हे ओळखायचं कसं? नाही म्हणावं तर 'भावजयीने साधी टाच घासली नाही' हे जन्मभर ऐकायचं. घासावी, तर वन्संना मधुमेह; साखरेच्या पायाला जखम होऊन चिघळली तर?

"वन्सं, साखर किती आहे सध्या?"

"माझी साखर माझ्यापाशी. चहा बिनसाखरेचा पिते, आणखी काय हवं?"

"बरं, डोळे मिटा. मी एकेका बोटाला हात लावते. कळलं की हं म्हणा."

"हा काय पोरखेळ लावलाय!" म्हणत का होईना, वन्संनी डोळे मिटले.

गुदगुलीने अंगठ्यावर बोट टेकलं. वन्सं गप्प. शेजारच्या बोटावर टेकलं. गप्प. करंगळीपर्यंत गेली, मग दुसऱ्या पायावर आली.

"अगं, सुरू कर ना!" वन्सं खेकसल्या. "किती वेळ डोळे मिटून बसवणार आहेस?"

गुदगुलीने बोट होतं तिथेच टेकवून ठेवलं. "डोळे उघडा," ती म्हणाली.

वन्संनी खाली पाहिलं. भावजयीचं बोट त्यांच्या करंगळीवर होतं. त्यांनी वाकून नीट पाहिलं.

"दाब जरा," त्या म्हणाल्या.

"दाबलंय, वन्सं."

गुदगुलीने टॉवेल घेऊन बोटांच्या बेचक्यांतलं पाणी टिपलं, तळवे वरखाली करून कुठे चीर-फोड नाही ना ते बघितलं, आणि कानस न वापरताच बाजूला ठेवली. "घाबरायचं काही नाही, वेळेत कळलंय. आजच दाखवू डॉक्टरांना. मी येते बरोबर."

"घरी कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"मला भीती वाटतेय गं," वन्सं म्हणाल्या. असं काही त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

गुदगुलीने ओल्या हातानेच त्यांचा हात धरला. तो मात्र त्यांना लगेच कळला, आणि पार्लरातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.