‘उद्या’ लिहिलेला खण

दौलतभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलाचं पत्र हातात पडलं, तेव्हा त्यांना जाऊन दहा दिवस उलटले होते. पत्र घेऊन मी माझ्या दवाखान्यात येऊन बसले आणि टेबलाच्या खणाकडे बघून मला रडू कोसळलं. दौलतभाऊ डॉक्टर नव्हते. जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका लहानशा दवाखान्यात ते रक्त-लघवी तपासायचे. पण रक्ताचे आजार मला कॉलेजपेक्षा त्यांनीच जास्त शिकवले.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी नुकतीच डॉक्टर. नागपूरहून तिथे आले ती पदक आणि शिष्टपणा दोन्ही घेऊन! दवाखान्यात वीज नव्हती. सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे वळवून दौलतभाऊ उन्हावर काम करत. टेबलाच्या एका खणावर त्यांनी खडूने ‘उद्या’ लिहिलं होतं. संशय आला की रक्ताचा थेंब दोन काचांमध्ये घेऊन कडा व्हॅसलिनने बंद करायच्या आणि काच त्या खणात ठेवायची. हवा तुटली की सिकलसेलच्या रोग्याच्या तांबड्या पेशी दिवसभरात आपला गोल आकार सोडतात. हे मला पाठ होतं. दम धरणं तेवढं येत नव्हतं.

एके दिवशी सुमन नावाची नवी सून सासूबरोबर आली. डोळे पिवळसर, हाडं ठणकतात, कापूस वेचताना मध्येच बसून राहते... सासूचं म्हणणं सरळ होतं, “हिले काम नाही पायजे, दुसरं काही नाही.” तपासणीत काही निघालं नाही, तर हिला कायमची माहेरी धाडणार, हेही तिने सांगून टाकलं. काच तयार होताच मी डोळा लावला. पेशी गोल दिसल्या. उद्यापर्यंत थांबू, असं दौलतभाऊ म्हणाले, पण मी ऐकते कशाला! रक्त थोडं कमी आहे, बाकी काही नाही, असं सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या. सुमनने माझ्याकडे पाहिलं, ते अजून विसरता येत नाही. दौलतभाऊंनी तरी काच खणात ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती मला दाखवली. पेशी विळ्यासारख्या वाकल्या होत्या. लगेच ते सुमनच्या गावी न्यायला सूक्ष्मदर्शक गोधडीत गुंडाळायला लागले.

“काच मी दाखोतो,” ते म्हणाले. “पन चूक तुमी सांगा, डॉक्टरीणबाई. माहं कोनी ऐकत नाही.”

बसने आम्ही गावात पोचलो, तेव्हा सुमनचं गाठोडं ओसरीवर बांधून तयार होतं. अंगणातल्या उन्हात सासूने डोळा लावला. जन्मभर विळा हाती धरलेली बाई, बराच वेळ बघत राहिली.

“हे तं विळे होय.”

“हेच हिच्या आंगात फिरून राह्यले,” दौलतभाऊ म्हणाले.

मग मी सांगितलं की काल मी चुकले, हिचं दुखणं खरं आहे. हा आजार मुळापासून जाणारा नाही, हेही सांगितलं. भरपूर पाणी, दुखेल तेव्हा विसावा, ताप आला की लगेच दवाखाना... आमच्या हाती एवढंच होतं. उपयोग नसलेल्या त्या लोहाच्या गोळ्या मी परत घेतल्या. सासूने गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. परतताना माझा चेहरा बघून दौलतभाऊ हळूच म्हणाले, तुमचं पदकही दिवसभर त्या खणात ठेवून पाहू, गोल राहतं का ते. मला हसू आलं आणि रडूही.

आता यंत्रं क्षणात तपासणीचा कागद काढून देतात. तरी माझ्या टेबलाच्या खणावर ‘उद्या’ आहेच. पत्र आलं त्या दिवशी ती अक्षरं पुसट दिसली, म्हणून खडूने पुन्हा गिरवली. मग पहिल्या रोग्याला आत बोलावलं. कंबर धरून आलेली बाई होती, आणि तिच्या कागदांत सगळं ठीक होतं. तुम्हाला काही नाही, असं मी तिला म्हणाले नाही. उद्या या, म्हणाले.