टेकू काढायची घाई

पहाटे साडेचारला ओळंब्याचा दिवस सुरू व्हायचा. गवंडी होता तो. त्याने उचललेली भिंत सरळ आहे का हे कुणी ओळंबा सोडून पुन्हा तपासत नसे, म्हणून हे नाव. मी त्याच्या हाताखाली माल कालवला. हलगर्जी केली की थापी फेकून मारायचा. नेम मात्र मुद्दाम चुकवायचा.

सिमेंटची पोती वाहून त्याची पाठ गेली. पाय बधिर पडायला लागले तेव्हा ऑपरेशन झालं. कमरेचे दोन मणके स्क्रूंनी बांधले, मधे हाडाचा चुरा भरला. स्क्रू नुसते धरून ठेवणार; खरा जोड हाड वाढून व्हायचा. तो झाला तरच कामावर परत. डॉक्टरीणबाईंनी कमरेला पट्टा दिला. "मी सांगेपर्यंत काढायचा नाही, वजन उचलायचं नाही," म्हणाल्या.

"म्हणजे टेकू. कळलं," ओळंबा म्हणाला.

तिथेच घोटाळा झाला. स्लॅबचे टेकू तीन आठवड्यांनी काढतात, म्हणून पट्टाही त्याने तेव्हाच काढला.

"अहो, पाठ म्हणजे काय गच्ची आहे?" वहिनी कडाडल्या.

"गच्च्या मी ओतल्यात. तू गप्प बस." आणि भरलेली बादली उचलून दाखवली. फारसं दुखलं नाही. स्वारी खूश.

पहिल्या एक्स-रेत स्क्रू सरळ दिसले. हाड धरलंय का ते इतक्यात दिसत नाही, असंही बाई म्हणाल्या. त्याने पहिलं तेवढं ऐकलं आणि कामावर गेला.

काही महिन्यांनी पाठ पुन्हा ठणकू लागली. सीटी स्कॅनला मी सोबत होतो. पडद्यावर दोन मणके, मधे काळी फट. हाड वरून वाढलं होतं, खालूनही वाढलं होतं. मधे भेटलं नव्हतं. एका स्क्रूभोवती काळं कडं. तो ढिला झाला होता.

"पट्टा काढला म्हणून?" त्याने विचारलं.

"त्यानेही असेल. सिगारेटी ओढता, त्यानेही असेल. सगळं पाळून काहींचं जुळत नाही. नक्की नाही सांगता येत."

बाहेर बाकावर टेकून तो म्हणाला, "माझीच चूक म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं रे. चूक पाडून पुन्हा बांधता येते."



दुसरं ऑपरेशन झालं. आणखी जाड स्क्रू घातले. आता तो पट्टा सोडत नाही, सिगारेट सोडली. परवा पुन्हा फोटो काढला. बाई बराच वेळ बघत राहिल्या. "अजून सांगता येत नाही," म्हणाल्या.

तो पाठीवर पडून वर बघतो. वर पत्रा आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या गच्च्या ओतून स्वतःच्या स्लॅबसाठी मजुरी बाजूला टाकली होती. ती त्या जाड स्क्रूंना गेली.